डब्यातून बाहेर आलेली कॅडिलॅक

अमेरिकन गायक जॉनी कॅशचं 'वन पीस ॲट अ टाइम' हे गाणं लोक कॉमेडी म्हणून ऐकतात, हसतात आणि पुढे जातात, याचा मला खरंच राग येतो. १९७६ चं गाणं, वेन केम्पने लिहिलेलं, अमेरिकेत कंट्री म्हणजे तिथल्या ग्रामीण ढंगाच्या संगीताच्या चार्टवर एक नंबरला गेलेलं, कॅशचं सोलो म्हणून हेच शेवटचं नंबर वन.

ज्यांनी ऐकलं नाहीये त्यांच्यासाठी सांगतो. केंटकीचा एक माणूस १९४९ ला गाव सोडून डेट्रॉइटला येतो, जनरल मोटर्सच्या (जीएमच्या) असेंब्ली लाईनवर लागतो, पहिल्या वर्षी काम काय तर कॅडिलॅकला, म्हणजे कंपनीच्या सगळ्यात आलिशान गाडीला, चाकं बसवायची. दिवसभर डोळ्यांसमोरून त्या लांबलचक गाड्या सरकतायत आणि आपल्या पगारात त्यातली एकही येणार नाही हे त्याला पक्कं माहितीये, रडू येतं त्याला. मग तो एकेक पार्ट जेवणाच्या डब्यात घालून घरी न्यायला लागतो, मोठा माल मित्राच्या गाडीतून. असं वीसेक वर्षं.

जोडायला बसतात तेव्हा गिअरबॉक्स निघतो १९५३ चा, इंजिन १९७३ चं, बोल्टची भोकंच जुळत नाहीत. हेडलाईट डावीकडे दोन, उजवीकडे एक. मागच्या टोकाला शोभेचे दोन उभे पंख असायचे, तिथे एकच. इथे सगळे खो खो हसतात. अरे पण भोकं का जुळत नाहीत याचा विचार करा ना! दरवर्षी मॉडेलचं रूप बदलायचं हे धोरण जीएमनेच त्यांचा प्रमुख अल्फ्रेड स्लोनच्या काळात, १९२० च्या दशकात रुजवलं. गाडी उत्तम चालत असली तरी शेजारच्याची नवी आली की आपली दारात जुनाट दिसली पाहिजे आणि माणूस परत शोरूमला गेला पाहिजे. कॅडिलॅकला पंख आले १९४८ ला, वाढत वाढत १९५९ ला कळस झाला, मग हळूहळू गायबच. पुढे चार हेडलाईटची फॅशन १९५८ च्या आसपासची. म्हणजे ती तीन दिव्यांची गाडी वेडीविद्री नाहीये हो, आजीच्या वाकळेत घरातली सगळी जुनी लुगडी सापडावीत तशी कंपनीची वीस वर्षांची सगळी फॅशन त्या एका गाडीत एकत्र शिवलेली आहे, आणि हसू येतं ते त्या फॅशनचं. मला तरी या गाण्यातला खरा वार इथेच दिसतो.

आणि कॅश हे लांबून गात नव्हता. एअरफोर्समध्ये जायच्या आधी १९५० मध्ये तो स्वतः मिशिगनमधल्या पाँटियॅकला गाड्यांच्या कारखान्यात थोडे दिवस राबला होता. दक्षिणेतून, केंटकी-टेनेसीच्या डोंगराळ भागातून तेव्हा माणसांचे लोंढेच्या लोंढे डेट्रॉइटकडे जात होते. गाणं यायच्या चारच वर्षं आधी, १९७२ ला, ओहायोत जीएमच्या लॉर्ड्सटाउन प्लांटमध्ये मोठा संप झाला, तिथे लाईनचा वेग तासाला शंभर गाड्या, म्हणजे एका गाडीला हिशोबाने ३६ सेकंद. एवढ्यात आपलं काम उरकायचं, पुढची गाडी आलीच. असं काम ज्यांनी केलं त्यांना ते गाणं ऐकून काय वाटलं असेल!

चोरी ती चोरीच असं म्हणणारे भेटतात. मान्य, गाण्यातला माणूस पण ती लपवत नाही. पण आयुष्यभर कॅडिलॅकच्या लाईनवर राबून कॅडिलॅक मिळत नाही हे ऐकून ज्याला फक्त चोरीच दिसते त्याच्याशी माझं जमणार नाही.

आज तर डब्यातून पार्ट आणून पण भागणार नाही, बऱ्याच गाड्यांमध्ये काही पार्ट बदलले की कंपनीच्या सॉफ्टवेअरने ओळख पटवल्याशिवाय ते चालतच नाहीत. बीएमडब्ल्यूने २०२२ ला काही देशांत सीट गरम करायचे महिन्याचे पैसे लावले, हीटर सीटमध्ये आधीच बसवलेला बरं का, नुसता सॉफ्टवेअरने बंद. लोक भडकले, २०२३ ला गुंडाळावं लागलं. मॅसेच्युसेट्समध्ये तर आपली गाडी बाहेरच्या मेकॅनिककडे धड दुरुस्त करता यावी म्हणून लोकांना २०१२ ला आणि परत २०२० ला मतदान करावं लागलं, दोन्ही वेळा लोक जिंकले. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या गाडीसाठी, चोरलेल्या नाही!