ॲपला ओळखता आला नाही म्हणून किडा नवा ठरत नाही

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सिरपूर तलावातल्या एका चपट्या तपकिरी किड्याचा फोटो, त्याच्या पाठीवर दाटीने चिकटलेली अंडी, आणि खाली मजकूर: "नंबर वन इंदूरच्या स्वच्छ पाण्यात नवी प्रजाती जन्मली! ही आई अंडी पाठीवर वाहते. ॲपलाही ओळखता आली नाही. तुम्हीही फोटो काढा, डीएनए करा, आठवड्यात नाव मिळतं आणि तेही तुमचंच. शास्त्रज्ञ उगाच किडे मारतात आणि वर्षं घालवतात."

पहिली गोष्ट, ही आई नाही, बाप आहे. ढेकणांच्या दूरच्या भाऊबंदांपैकी हा पाणकिडा, डिप्लोनिकस वंशातला. मादी अंडी नराच्या पाठीवर चिकटवते आणि आपल्या वाटेने जाते. पुढे पिल्लं बाहेर पडेपर्यंत नर अंडी ओली ठेवतो, पृष्ठभागाशी येऊन त्यांना हवा देतो. इतक्या कष्टाचं श्रेय मेसेजवाल्यांनी बायकोला देऊन टाकलं! याच वंशातल्या एका प्रजातीचं वर्णन जीवांच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसचा शिष्य फॅब्रिशियस याने अठराव्या शतकातच केलेलं आहे. फोटोवरून वंश सांगता येतो. नेमकी प्रजाती सांगायची तर किडा हातात हवा.

स्वच्छ पाण्याने प्रजाती "जन्मली" हे तर सोडूनच द्या. पाणी सुधारलं की आधी नाहीसे झालेले किडे परत येऊ शकतात, पण चार-सहा वर्षांत कुणी नव्याने घडत नाही. शिवाय हा प्राणी साचलेल्या, पाणवनस्पतींनी भरलेल्या डबक्यातही खुशाल राहतो. सिरपूरला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाला याचा अभिमान आम्हालाही आहे, पण पाण्याच्या शुद्धतेची साक्ष काढायला हा साक्षीदार चुकीचा.

आता फोटोवरून जीव ओळखणारं ॲप. लोकांनी काढलेले आणि कुणी तरी नाव लावलेले फोटो पाहून ते शिकतं. ज्या किड्याचे असे फोटो नाहीत तो त्याला ठाऊक नसतो, मग त्याचं वर्णन शंभर वर्षांपूर्वी का छापलेलं असेना. आणि पाणकिड्यांत फरक दिसतो तोही भलत्याच जागी. उलटे पोहणारे ॲनिसॉप्स घ्या. पाठ खाली, पोट वर, अंग अर्धपारदर्शक, आणि वरून पाहिले तर सगळे सारखेच. नराच्या पुढच्या पायावर काट्यांची एक बारीक फणी असते. ती तो सोंडेवरच्या उंचवट्यावर घासून आवाज काढतो. त्या फणीला दात किती, ते कसे कमी-जास्त होत जातात, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजावं लागतं. माद्यांची ओळख तर अनेकदा अडूनच राहते. पाण्यातल्या भुंगेऱ्यांचं याहून कठीण. नराचे जननावयव बाहेर काढून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात साफ करून, प्रत्येक बाजूने त्यांचं चित्र काढायचं. मोबाइलच्या फोटोत यातलं काय दिसणार?

एवढं करूनही काम अर्धंच होतं, कारण हे सगळं जुन्या नमुन्यांशी ताडून पाहायचं असतं. भारतातल्या पाणढेकणांवर ब्रिटिश काळात कीटकतज्ज्ञ विल्यम डिस्टंट यांनी भरपूर लिहिलं, आणि त्या काळचे कितीतरी मूळ नमुने आज लंडनच्या संग्रहालयात आहेत. कधी वर्णन दोन ओळींचं, कधी नमुन्याचा पाय तुटलेला, कधी एकाच किड्याला दोघांनी दिलेली दोन नावं. हा गुंता सोडवल्याशिवाय "नवा" म्हणणं म्हणजे जुन्याच किड्याला तिसरं नाव चिकटवणं. नव्या प्रजातीचा नमुना गोळा केल्यापासून तिचं वर्णन छापेपर्यंत सरासरी सुमारे २१ वर्षं जातात, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. यात सगळा दोष आळसाचा नाही. तपासणारी माणसं थोडी आणि कपाटात पडलेल्या बाटल्या फार.

डीएनएचंही तेच. तुकडा वाचून होतो लवकर, पण तो जुळवायचा कशाशी? आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या प्रजातींचा डीएनए अजून कोणी वाचलेलाच नाही. जुळणी मिळाली नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की यादी अपुरी आहे.

किडे मारण्याचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. जीव जातो हे खरं आहे. पण नाव ज्याच्यावर उभं असतं तो एक नमुना, होलोटाइप, जपलेला असेल तरच पन्नास वर्षांनी कुणी आपली चूक पकडू शकतो. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार २००० सालापासून होलोटाइप स्पष्ट नेमावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला किंवा ठेवणार हेही लिहावं लागतं. आपला २००२ चा जैवविविधता कायदाही सांगतो की नवी प्रजाती सापडली तर ठरवून दिलेल्या संस्थेला कळवा आणि नमुना तिथे जमा करा. अल्कोहोलच्या बाटलीत गेलेल्या दहा-वीस किड्यांनी तलाव रिकामा होत नाही. काठावर मलबा टाकून तो बुजवला, की सगळेच जातात.

राहिलं नाव. ते कुठलीही समिती वाटत नाही. लेखक वर्णनासकट ते प्रसिद्ध करतो, आणि लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंद लागते. ग्रुपवरच्या मेसेजात छापलेलं नाव संहितेच्या लेखी शून्य. स्वतःचंच नाव देण्याला नियमाची आडकाठी नाही, पण तसं करणाऱ्याला या क्षेत्रात लोक हसतात, भिया!

फोटो मात्र जरूर काढा. सोबत तारीख, जागा, पाणी वाहतं की साचलेलं, तळाशी गाळ की दगड, आजूबाजूला कोणती पाणवनस्पती, एवढं लिहून ठेवा. तज्ज्ञाला पुढे तिथेच जाऊन नर शोधायचा झाला, तर त्याला हेच लागणार आहे.