अँबॅसिडरच्या मागच्या ब्रेकबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या तक्रारी तीन आहेत: फक्त लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे ब्रेकचे पट्टे) बदलायचे होते, तरी गाडी सहा दिवस अडकली, बिल जास्त आलं, आणि २०० किलोमीटरच्या आतच डावं मागचं चाक पुन्हा धरू लागलं. तिसऱ्या तक्रारीत चूक आमची आहे, त्याबद्दल खाली लिहितो.

नुसते लायनर बदलून हा दोष जाणारच नव्हता. गाडी आली तेव्हा मागची दोन्ही चाकं हाताने फिरत नव्हती आणि ड्रम (चाकासोबत फिरणारे ब्रेकचे गोल डबे) तापलेले होते. हँडब्रेकची केबल सोडून पाहिली, फरक पडला नाही. मग पेडल दाबून सोडलं आणि हौज पाइपच्या (ब्रेक ऑइल मागे नेणाऱ्या रबरी नळीच्या) आधीचा, बॉडीकडचा नट सैल केला. चाकं तशीच घट्ट. व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने चाकाजवळ ब्रेक लावणाऱ्या भागाचं) निपल, म्हणजे ऑइल सोडायचा स्क्रू, उघडताच ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाकं मोकळी झाली. म्हणजे पेडलकडून दाब देणारा मास्टर सिलिंडर ठीक होता, दाब हौज पाइपमध्येच अडकत होता. जुन्या पाइपचं रबर आतून फुगतं. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण शूच्या (लायनर बसवलेल्या पट्टीच्या) स्प्रिंगला ते मागे ढकलणं जमत नाही. मागच्या ॲक्सलला एकच हौज पाइप असल्याने दोन्ही चाकं एकदम धरतात. बाहेरून तो धडधाकट दिसतो, म्हणून हा दोष हमखास नजरेतून सुटतो.

बिलातले व्हील सिलिंडरही टाळता येण्यासारखे नव्हते. आतून गंजाचे खड्डे पडले होते. अशा सिलिंडरमध्ये नुसते नवे कप (रबरी सील) घातले, तर ते थोड्याच दिवसांत गळतात. उरलेले दिवस ड्रम लेथवर घेऊन आतून सारखे करण्यात गेले. हे तुम्हाला दुसऱ्याच दिवशी फोन करून सांगायला हवं होतं.

आता डावं चाक. टायरच्या आतल्या बाजूला चिकट तेल आणि गंधकासारखा वास, असं तुम्ही लिहिलं आहे. ते ब्रेक ऑइल नाही, गिअर ऑइल आहे. ब्रेक ऑइल पातळ असतं, पाण्याने धुतलं जातं आणि रंग उचलतं. ॲक्सलमधलं तेल अडवणारं ऑइल सील आम्ही नवं घातलं, पण ॲक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) उघडून पाहिला नाही. तो मातीने बंद असेल, तर ॲक्सल तापल्यावर आतली हवा फुगून नव्या सीलमधूनही तेल बाहेर, लायनरवर ढकलते. डिफरन्शिअलमध्ये (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्यात) तेल जास्त भरलं गेलं असेल, तरी हेच होतं. दोन्ही तपासणं आमचं काम होतं.

तेल पिलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा पॉलिश पेपर मारून वाचत नाही. तापला की तेल पुन्हा वर येतं; आधी तो घसरतो, मग चाक झटक्यात धरतो. पावसात हे फार धोक्याचं आहे. त्यामुळे गाडी चालवत आणू नका, आम्ही टो करून नेतो. दोन्ही बाजूंचे लायनर, सील, ब्रीदरची सफाई आणि तेलाची पातळी, सगळं विनाशुल्क करून देऊ. काढलेला हौज पाइप आम्ही जपून ठेवला आहे. तुमच्यासमोर कापून दाखवतो.