"फोर बाय फोर असली की चार दिवसांत थर वाळवंट": या मेसेजवर निघू नका

दिवाळी जवळ आली की तो मेसेज फिरायला लागतो. पुण्याहून जैसलमेर चार दिवसांत होतं, फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी) असेल तर सरळ वाळूत घाला, सगळा रिकामा मुलुख आहे कुठेही तंबू ठोका, आणि मे महिन्यात गेलात तर हॉटेलं अर्ध्या भावात. लोक हे वाचून खरंच निघतात, लहान पोरं घेऊन निघतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी चार दिवस. अहो, पुणे ते जैसलमेर एका बाजूने साधारण बाराशे किलोमीटर आहे, अहमदाबादला मुक्काम करून सांचोर-बाडमेर मार्गे दुसऱ्या दिवशी रात्री पोचणार, परत यायलाही तेवढंच, मग वाळवंट बघणार कधी? सात दिवस तरी धरा. आणि सांचोरच्या पुढे अंधारात चालवणं टाळा, रस्ता मोकळा दिसतो आणि मधेच गाय नाहीतर उंट उभा असतो, उंटाचे पाय एवढे लांब की धडकेत त्याचं धड थेट समोरच्या काचेवर येतं. येताना राजस्थानातून बाटल्या घेऊन गुजरातेत शिरू नका, तिथे दारूबंदी आहे.

आता फोर बाय फोर. सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने होतं. वाळूत आधी टायरमधली हवा बघायची. रस्त्यावरचा ३२-३४ पीएसआय दाब तसाच ठेवला तर भारी गाडीसुद्धा रुतते. हवा १५-१८ पर्यंत उतरवली की टायर खाली पसरतो, लांबट होतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं. पण मग परत भरायला कॉम्प्रेसर गाडीतच पाहिजे, कारण तेवढ्याच हवेवर डांबरी रस्त्याला वेग घेतला तर टायर तापून फुटतो, आणि वाळूतही झटक्यात स्टेअरिंग फिरवलं तर रिममधून निघतो. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक जागेवर फिरून स्वतःचाच खड्डा खणतं आणि गाडी पोटावर बसते. खाली उतरा, फावड्याने चाकांभोवतीची वाळू काढा आणि आलात त्याच चाकोरीतून हळू रिव्हर्स घ्या. वाळूची टेकडी चढायची सरळ, उतरायची सरळ, तिरकी घातली की गाडी कलंडते. माथ्यापलीकडे काय आहे ते आधी पायी जाऊन बघायचं, वारा येतो ती बाजू पसरट असते पण पलीकडे एकदम ३०-३४ अंशांचा उतार, आणि सम या जैसलमेरजवळच्या पर्यटकांच्या गावी त्याच उतारावर उंटवाले आणि पर्यटकांची पोरं असतात. हे येत नसेल किंवा सोबत दुसरी गाडी नसेल तर स्थानिक जीपवाल्याबरोबर जा, त्यात कमीपणा काही नाही.

"रिकामा मुलुख" वाचून मला खरंच राग येतो. जैसलमेर-बाडमेरमध्ये ३१६२ चौरस किलोमीटरचं डेझर्ट नॅशनल पार्क आहे, तिथल्या गवताळ माळावर माळढोक हा दुर्मिळ पक्षी जमिनीवरच अंडं घालतो, तेही बहुतेक वेळा एकच. सोलापूरच्या नान्नजला याच पक्ष्यासाठी अभयारण्य केलं आणि तिथे आज तो दिसणं मुश्कील झालंय, हे तरी आपण विसरू नये. गाडी रस्ता सोडून त्या माळावर घालायची नाही, तंबू तर नाहीच.

परवानगीचं म्हणाल तर भारतीयांना सीमेजवळचं तनोट मातेचं मंदिर आणि १९७१च्या लढाईचं लोंगेवाला बघता येतं, पण तनोटच्या पुढे पाकिस्तान सीमेवरच्या खांबापर्यंत जायला बीएसएफची (सीमा सुरक्षा दलाची) परवानगी लागते. परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक सोबत असतील तर सीमाभागाबद्दल जैसलमेरलाच आधी विचारा.

आणि मे महिना? याच पट्ट्यातल्या फलोदीला मे २०१६ मध्ये ५१ अंश नोंदवले गेलेत! नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, रात्रीसाठी जाड स्वेटर घ्या, पिण्याचं पाणी माणशी रोज ४-५ लिटर, शिवाय एक कॅन वेगळा. समला सुट्टीत डीजे आणि गर्दी असते, शांत वाळू हवी असेल तर जैसलमेरजवळच्याच खुरी गावी मुक्काम करा.