खरेदी कशी करावी: १८०९ सालचा रंगीत धडा

खरेदीला निघताना यादी करायची खोड तुम्हाला असेल, तर ती आधी सोडा. यादीवाल्या गिऱ्हाइकाने दुकानदारांचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं चोरांनीही केलं नसेल. नीट शिकायचं तर लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावरच्या 'हार्डिंग, हॉवेल आणि कंपनी' या दुकानाचं चित्र समोर ठेवा. रुडॉल्फ आकरमनच्या 'रिपॉझिटरी ऑफ आर्ट्स' या मासिकात ते मार्च १८०९ मध्ये आलं. छपाई तांब्याच्या पत्र्यावरून, रंग हाताने भरलेला. उंच छताचं लांबलचक दालन, काउंटरवर पसरलेली कापडं, आणि छातीखालीच कंबर सुरू होणारे झगे घालून ती निवांत चाचपणाऱ्या बायका. घाईत कुणीच नाही. असं उभं राहता आलं पाहिजे.

दुकान १५० फूट लांब, काचेच्या पार्टिशनांनी चार भागांत विभागलेलं. तेव्हा क्रम चुकवू नका. दारातच फरचे कपडे आणि हातपंखे. थंडी वाजत असो की उकडत असो, सुटका नाही. 'आम्ही सहज बघायला आलो होतो' हे वाक्य इथेच म्हणून टाका, पुढे त्याला कुणी भीक घालत नाही.

दुसऱ्या भागात रेशीम, मलमल, लेस, हातमोजे. मलमल मूळची बंगालची, पण एव्हाना इंग्लंडमध्येही ती विणली जाऊ लागली होती. आपल्या हातातली कुठली, हे विचारून विक्रेत्याला अडचणीत आणू नका. दोन बोटांत चिमटीत धरा, उजेडाकडे न्या आणि म्हणा, "अजून दाखवा." त्याने सगळी ठाणं उलगडली की म्हणा, "ते पहिलंच बरं होतं." हे ज्याला जमलं त्याला दुकानात मान मिळतो. मनातून शिव्या मिळतात, पण त्या ऐकू येत नाहीत.

तिसऱ्या भागात शिरताना देशभक्ती बाहेर ठेवा. फ्रान्सशी १८०३ पासून युद्ध चाललेलं, नेपोलियनने १८०६ मध्ये इंग्लंडच्या मालाला युरोपची दारं बंद केलेली, आणि इथे दागिन्यांशेजारी कोण? फ्रेंच घड्याळं! शत्रूला रणांगणात हरवायचं काम सैनिकांचं. त्याचं घड्याळ दिवाणखान्यात मांडायचं काम तुमचं. समोर अत्तरं आहेतच.

चौथा भाग टोप्या आणि तयार पोशाखांचा. इथवर पोचलेल्या माणसाला सल्ल्याची गरज उरत नाही.

पाय दुखले? वर कॉसवे नावाच्या गृहस्थाची ब्रेकफास्ट रूम आहे. वाइन, चहा, कॉफी, मिठाई. थकलेलं गिऱ्हाईक घरी जातं, खाल्लेलं गिऱ्हाईक पुन्हा काउंटरवर येतं. मालकांना हे फूड कोर्ट निघण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं.

जागेचाही गुण असतो म्हणा. दुकान ज्या इमारतीत होतं, त्याच शॉमबर्ग हाउसमध्ये १७८१ पासून जेम्स ग्रॅहम नावाच्या डॉक्टरचं 'आरोग्यमंदिर' होतं. निपुत्रिक जोडप्यांसाठी विजेचा आणि लोहचुंबकांचा 'दिव्य पलंग', एका रात्रीचं भाडं ५० पौंड. ज्या छपराखाली लोक पलंगावर एवढा विश्वास टाकून गेले, तिथे टोप्या न खपायला काय झालं? चित्रकार गेन्सबरो याच इमारतीत राहून १७८८ मध्ये वारला. त्याचं नाव मात्र दुकानाच्या कामी फारसं आलेलं दिसत नाही.

आता एक पथ्य. हे सगळं बनवतं कोण, असले प्रश्न काढू नका. मासिकानेच शिस्त घालून दिली आहे: दुकानात शिवायला आणि विकायला ४० माणसं, हा आकडा चोख. बाहेर नवनव्या वस्तू पुरवणारे कारागीर किती? तर विश्वास बसणार नाही इतके. जे डोळ्यांसमोर उभे आहेत ते मोजावेत, बाकीच्यांचं नुसतं आश्चर्य करावं.

आणि लंडनपासून लांब राहत असाल तर हिरमुसू नका. या मासिकात ब्रिटिश कापडाचे खरेखुरे तुकडे चिकटवून येत. चित्र डोळ्यांना, तुकडा बोटांना. गालाला लावून बघा, शेजारणीला दाखवा, तिच्या पडद्यांपेक्षा आपला तुकडा सरस आहे हे ठरवून टाका. एवढ्या कौतुकात दुकानाच्या मालाचा भाव सांगायचं तेवढं राहून गेलंय. तो विचारायला पॅल मॅललाच जावं लागणार. बग्गी जुंपायला सांगा.