चार पॅड आणि एक रविवार

ब्रेक दाबला की गाडी किंचाळायला लागली, तेव्हा मी गाण्यांचा आवाज वाढवला. हा उपाय पंधरा दिवस पुरला. मग बायको म्हणाली, "सिग्नलला लोक वळून बघतात." ब्रेकचं पॅड झिजलं की त्यावरची लोखंडी पट्टी चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासते आणि बोंब मारते, एवढं ज्ञान मी तोवर मोबाइलवर मिळवलं होतं. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून माझ्या तोंडून निघून गेलं, "मी घरीच करतो."

नाना पेठेतल्या दुकानदाराने पॅडचा डबा पुढे सरकवला. "मिस्त्री कोण?"

"मीच."

त्याने माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं. "बिल जपून ठेवा."

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी गाडी जॅकवर चढवली, खाली जॅक स्टँड लावला आणि नटाला पाना घातला. पाना फिरला, नट फिरला, चाकही फिरलं. तळमजल्यावरचे काका पेपर घेऊन खुर्ची टाकून बसले होते. काकांनी आयुष्यात लुनापलीकडे काही चालवलेलं नाही. "नट आधी ढिले करायचे असतात, गाडी खाली असताना," ते पेपरातून म्हणाले. गाडी उतरवली. नट ढिले केले. पुन्हा चढवली.

पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा म्हणजे कॅलिपर; खालचा बोल्ट काढला की तो पेटीच्या झाकणासारखा वर उघडतो. जुनं पॅड हातात घेतलं तर जेमतेम दोन मिलिमीटर उरलेलं, पार्लेजीपेक्षाही पातळ. नवं चांगलं दहा मिलिमीटरचं. अर्थात कॅलिपर त्यावर बसेना, कारण पॅड झिजेल तसा त्याला ढकलणारा पिस्टन बाहेर आलेला असतो. तो परत आत ढकलायला सुताराकडून सी-क्लॅम्प नावाचा शिकंजा मागून आणला होता. एकेक आटा आवळत होतो. पिस्टन लोण्यासारखा आत जात होता. मला स्वतःबद्दल आदर वाटू लागला.

"वरून काहीतरी सांडतंय," काका म्हणाले.

पिस्टन आत गेला की त्यामागचं ब्रेक ऑइल उलटं बॉनेटखालच्या त्याच्या टाकीत चढतं. आणि आदल्या संध्याकाळी 'पातळी कमी दिसतेय' म्हणून ती टाकी मीच काठोकाठ भरली होती. ब्रेक ऑइल रंग खातं. मी बादलीभर पाणी घेऊन बॉनेट उघडून धावलो, तेव्हा वरच्या दोन गॅलऱ्यांतही प्रेक्षक आले होते.

पहिल्या चाकाला साडेतीन तास लागले, दुसऱ्याला चाळीस मिनिटं. हे प्रमाण मी त्या दिवशी भेटेल त्याला सांगितलं.

बायको पर्स घेऊन खाली आली. मी ऐटीत गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला, दोन हात पुढे गेलो आणि ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला. काम झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबायचं असतं, म्हणजे पिस्टन पुन्हा पॅडला टेकतात. हे मला आठवलं तेव्हा वॉचमन खुर्ची सोडून उभा राहिला होता.

हँडब्रेक ओढला. गाडी खुर्चीपासून वीतभर अलीकडे थांबली.

"बघ, थांबली की नाही!"

"हा ब्रेक कुठल्या चाकांना लागतो?" बायकोने विचारलं.

"मागच्या."

"मग त्यांना हात लावायचा नाही," असं म्हणून ती रिक्षा बघायला गेटकडे गेली.