‘सोनोग्राफीत दिसत नाही म्हणजे गर्भ नळीतच’ : त्या मेसेजला उत्तर

बायकांच्या ग्रुपांवर सध्या हे फिरतंय : ‘टेस्ट पॉझिटिव्ह, पण सोनोग्राफीत काही दिसत नाही? गर्भ नळीतच आहे. बीटा एचसीजी ४८ तासांत दुप्पट झाला नाही की लगेच इंजेक्शन घ्या, नाहीतर मेडिकलमधून गोळ्या आणून मोकळ्या व्हा.’

(नळी म्हणजे अंडाशयाकडून गर्भाशयाकडे येणारी बीजवाहिनी; बीटा एचसीजी म्हणजे गरोदरपणात रक्तात वाढणारं संप्रेरक.) पहिलाच दावा चूक. योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीतही गर्भकोश, म्हणजे गर्भाभोवतीची पिशवी, पाचव्या आठवड्याच्या आसपास दिसू लागतो. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पोटावरून केली तर आणखी उशिरा. जिची पाळीच ४० दिवसांनी येते तिचे पाच आठवडे नुसते कॅलेंडरवरचे, गर्भ त्याहून लहान असतो. अशा केसेसमध्ये गर्भ नळीत निघतो तो थोड्याच जणींचा. बाकी बहुतेकींचा एकतर गर्भाशयात नीट वाढत असतो, नाहीतर आपोआप संपत असतो. (त्यात आपण गर्भाशयालाही पिशवी म्हणतो आणि गर्भकोशालाही. ‘पिशवी दिसत नाही’ ऐकून सासूबाई हादरल्या तर त्यांचा काय दोष!)

आता ‘दुप्पट’. बीटाचा पहिला आकडा १५००च्या खाली असेल तर निरोगी गर्भातही ४८ तासांत जेमतेम ४९ टक्के वाढ होऊ शकते. ३०००च्या वर असेल तर ३३ टक्केसुद्धा. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची रीत अशी : ६३ टक्क्यांहून जास्त वाढ झाली तर गर्भ बहुधा गर्भाशयात, ७ ते १४ दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी. आकडा निम्म्याहून खाली आला तर गर्भ बहुधा संपतोय. या दोन्हींच्या मधलं काही आलं तर २४ तासांत डॉक्टरांनी पुन्हा तपासायचं. आणि उलटंही खरं आहे : नळीतल्या गर्भातही बीटा कधीकधी झकास वाढतो. दोन्ही वेळा रक्त एकाच लॅबमध्ये द्या.

इंजेक्शन म्हणजे मेथोट्रेक्सेट. वेगाने वाढणाऱ्या पेशी ते मारतं. घाईत दिलं आणि गर्भ गर्भाशयात निघाला, तर हवाहवासा गर्भ जातो, किंवा राहिला तर व्यंगाचा धोका.

गोळ्यांचा सल्ला सगळ्यात घातक. मिफेप्रिस्टोन-मिसोप्रोस्टॉल या गर्भपाताच्या गोळ्यांनी नळीतला गर्भ जात नाही. अंगावरून रक्त जातं, बाईला वाटतं सुटले, आणि नळीत गर्भ वाढतच राहतो.

मेसेजमध्ये जे हवं होतं ते नेमकं नाही. ओटीपोटात एका बाजूला कळ, चक्कर, घेरी, किंवा खांद्याच्या टोकाला दुखणं : बीटा कितीही कमी असो, तडक हॉस्पिटल गाठा. नळी फुटून पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला) लागलं की खांदा दुखतो. त्याला बाम चोळत बसू नका.