ता. वुडब्रिज, मौजे आयसेलिन

रविवारी आयसेलिनला ओळखीच्या एका काकूंकडे जेवायला गेलो आणि 'आमच्या गावाला वाडी म्हणणारा' अशी ख्याती घेऊन घरी आलो. वाडी मी म्हणालोच नव्हतो. बायकोचे मामा म्हणाले. पण मामा पाहुणे, वयाने मोठे, पुढच्या महिन्यात परत जाणार. मी पडलो न्यू जर्सीतच राहणारा, म्हणून डाग माझ्या सदऱ्याला.

मामा तलाठी म्हणून निवृत्त झालेत. नेवार्क विमानतळावरून त्यांना घेऊन टर्नपाइकला, म्हणजे इथल्या टोलच्या महामार्गाला लागलो, तेव्हाच त्यांनी खिशातून डायरी काढली होती. "वाटेतली गावं टिपून ठेवतो." म्हटलं, बरंय, तेवढाच विरंगुळा. थोड्याच वेळात पाटी आली : थॉमस एडिसन.

"आलं की तुमचं एडिसन! घ्या आत."

"मामा, हे ते नाही. हा नुसता थांबा आहे. पेट्रोल, कॉफी, संडास."

"नाव तर एडिसन लिहिलंय."

"ते माणसाचं."

"आणि तुमच्या गावाचं?"

"तेही त्याच माणसाचं. 1954 साली ठेवलं."

"म्हणजे थांबा तुमच्या गावच्या हद्दीत."

"नाही, वुडब्रिजच्या."

मामांनी पेनाला टोपण लावलं. "जावईबापू, एका गावाच्या नावाचा थांबा दुसऱ्या गावाच्या जमिनीवर उभा आहे आणि कोणी हरकत घेतली नाही?"

"नाही."

"पलीकडच्या बाजूला काय आहे?"

"ग्रोव्हर क्लीव्हलँड."

"ते तरी गाव?"

"राष्ट्राध्यक्ष. एकदा निवडून आले, मग पडले, मग पुन्हा आले."

"दोनदा निवडून आलेल्या माणसाच्या नावाने संडास?" मामा खरंच हळहळले. मग त्यांना तो संडास बघायचाही होता. पण तो रस्त्याच्या पलीकडे, आणि टर्नपाइकवर मधूनच गाडी वळवता येत नाही, हे पटवण्यात माझं स्वतःचं एक्झिट येऊन ठेपलं.

इथपर्यंत मला हसू येत होतं. पण मामांची शंका तशी रास्त आहे, याचाच खरं तर जास्त राग येतो. नियम सांगायला सोपा : गावं हिरव्या पाटीवर, पेट्रोल-जेवण निळ्या, उद्यानं आणि प्रेक्षणीय स्थळं तपकिरी. मग त्याच हिरव्या पाटीवर, गावांच्याच अक्षरात, 'डेलावेअर मेमोरियल ब्रिज' कसा काय? पुलावर कोण राहतं? परक्या माणसाने ओळखायचं कसं, की या नावाला शाळा आहे, घरं आहेत, आणि त्या नावाला नुसतेच खांब? आपली माणसंही कमी नाहीत. "मी मेट्रोपार्कला राहते," असं बिनदिक्कत सांगतात. मेट्रोपार्क हे 1971 साली सुरू झालेलं रेल्वे स्टेशन आहे. तिथे राहतात त्या गाड्या, त्याही पार्किंगचे पैसे भरून.

तर रविवारी समुद्रावरून पार्कवेने परतत होतो. चीजक्वेकची पाटी दिसली, मामांनी लिहून घेतली. पुढे जॉन बॉन जोव्ही. "हे?" गायक, म्हटलं. थांब्याला त्याचं नाव दिलंय, आधी चीजक्वेक होतं. "म्हणजे चीजक्वेक गेलं?" गेलं नाही, मागे आहे, आणि हा थांबा तेव्हाही चीजक्वेकात नव्हताच, सेअरव्हिलमध्ये होता. मामांनी पानभर काट मारली. मागच्या सीटवर बायको गाढ झोपल्याचं सोंग घेऊन होती.

आयसेलिनला पानं वाढली जात असताना मामांनी काकूंना आपुलकीने विचारलं, "तुमची पंचायत कुठे भरते?"

"वुडब्रिजला."

"पोस्ट?"

"आहे की, आमचं आहे."

"स्टेशन?"

"आहे. मेट्रोपार्क."

"म्हणजे स्टेशन आहे, पण तुमच्या नावावर नाही." डायरी निघाली. न्यू जर्सीची एकूण एक जमीन कुठल्या ना कुठल्या नगरपालिकेत मोडते, अशा 564 नगरपालिका आहेत, आणि आयसेलिनची त्यात स्वतःची नाही, वुडब्रिजची आहे. हे सगळं त्यांनी गाडीत माझ्याकडूनच काढून घेतलं होतं. ते लिहीत गेले आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेले : "मौजे आयसेलिन. वाडी. ता. वुडब्रिज."

काकूंनी मामांकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं माझ्याकडे. "एडिसनवाल्यांना स्वतःची नगरपालिका असल्याचा फार माज असतो," असं त्या आमटीच्या भांड्याला उद्देशून म्हणाल्या. मला आमटी दुसऱ्यांदा कोणी विचारली नाही. आता ग्रुपवर रोज सकाळी त्यांचा 'वाडीकरांकडून नमस्कार' येतो, आणि त्याला अंगठा दाखवणाऱ्यांत माझी बायकोही असते.

मामांना याचं काहीच नाही. काल रात्री नकाशा पसरून बसले होते.

"इंटरस्टेट 80 वर हिरव्या पाटीवर डेलावेअर वॉटर गॅप असतं म्हणे. ते गाव आहे?"

"डोंगरातून नदी जाते, ती खिंड आहे."

"म्हणजे गाव नाही."

"आहे. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात, त्याच नावाचं. हजारभरही वस्ती नाही."

"पाटी मग कुणाची? खिंडीची की गावाची?"

मी गप्प बसलो. मामांनी डायरीत नवीन पान उघडलं, वर 'स्थळपाहणी' असं लिहून खाली रेघ ओढली.

"शनिवारी सुट्टीच असते ना तुम्हाला?"